बसलेला कुरव

बुधवार, रात्री साडेअकरा

संक्रांतीला छोटी तिळगूळ द्यायला आली होती. वहिनी आत गप्पा मारत बसल्या आणि ही हॉलमध्ये भिंतीसमोर मान वर करून उभी. पाचही फ्रेमा नीट बघून झाल्यावर म्हणाली, "काका, हे पक्षी बसतच नाहीत का कधी?"

बसतात की, म्हटलं आणि तिच्या हातावर हलवा ठेवला. तिच्यापुरता विषय तिथंच मिटला.

माझा मिटलेला नाही. आठवडा होत आला.

पाचही फोटोंत कुरव, म्हणजे सीगल, उडतायत. सोफ्यावरचा मोठा फोटो गुहागरचा. अख्खा थवा हवेत, पंखांची काळी टोकं आणि त्यातले पांढरे ठिपकेसुद्धा स्पष्ट, मागं फुटणारी लाट. घरी आलेला प्रत्येक जण त्याच्यापाशी थांबतो. तो कसा मिळाला हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. दादा हात वर करून, ओरडत थव्याकडं पळत सुटला होता आणि मी वाळूत गुडघा टेकून बटण दाबून धरलं होतं. थवा पुढं जाऊन बसला की परत तेच. तीनदा उठवले. भिंतीवरचा फोटो तिसऱ्या वेळचा.

तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी फोटो मारायचे, हे मी दुसऱ्यांचं बघूनच शिकलो.

आज जेवण झाल्यावर हार्ड डिस्क काढली. नऊ हिवाळ्यांचे फोटो. त्यातले बसलेले कुरव शोधत गेलो तर निघाले एकतीस. त्या एकतिसांतल्या प्रत्येकाची मान ताठ आणि डोळा माझ्यावर. एकानं तर पंख निम्मे उघडलेले. म्हणजे नऊ वर्षांत मी बघितला तो माझ्याकडं बघणारा कुरव. मी जवळ नसताना तो कसा असतो, ते मला ठाऊकच नाही.

मग स्वतःचीच कीव येत राहिली. वर्षाकाठी तीन, फार तर चार खेपा होतात. शनिवारी काम संपवून निघायचं, उंब्रजला वळायचं, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट अंधारात उतरायचा, चिपळूणला चहा, गुहागरला पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळलेली. रविवारी सकाळचे दोन-अडीच तास हातात, की परतीचा रस्ता. पेट्रोल आहे, घरच्यांचा रविवार आहे आणि यंदा हा गुडघा. किनाऱ्यावर राहणाऱ्याला समुद्र रोजचा. आपल्याला घाई होणारच.

हे तासभर स्वतःला सांगून बघितलं. पटत नाही. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवरून हिवाळ्यापुरता आपल्या किनाऱ्यावर येतो. दमून वाळूवर टेकला की आम्ही त्याला उठवणार. एकदा नाही, तीनदा. दादाला फोन करावा असं वाटलं, पण त्याला काय सांगू? पळायला मीच सांगितलं होतं.

बापू असते तर त्यांना विचारलं असतं. जाऊ दे.

सोमवार, पहाटे

झोप नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

काल एकादशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा बापूंच्या आजोळचा हिशेब. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे उजाडल्यापासून पाणी चढतच राहणार. आजवर हा हिशेब मी फक्त उजेडाशी जुळतो का, एवढ्यासाठी करायचो. पाणी चढलं की पक्ष्यांना वर सरकावं लागतं, आपण जायची गरज नाही, ते आपल्याकडं येतात. हे मला बापू सांगून गेले होते. मी ऐकलं होतं, पण त्यासाठी थांबलो कधीच नव्हतो.

साडेसहाला सुरूच्या रांगेखालून उतरलो आणि ओल्या वाळूच्या बरंच अलीकडं पोतं टाकून बसलो. दादा आला नाही. थवा खाली, लाटेच्या कडेला. मोठ्या लेन्समधूनही करंगळीएवढे दिसत होते. हात शिवशिवत होते. चार पावलं पुढं गेलो तर काय बिघडेल, असं दोनदा मनात आलं. गुडघ्यानं उठू दिलं नाही, हेही खरं.

पाऊण तास काही घडलं नाही. मग चिखल्यांची, म्हणजे किनाऱ्यावरच्या छोट्या पक्ष्यांची, एक टोळी तुरुतुरु पळत माझ्या पायापासून दहा-बारा हातांवर आली आणि तिथंच वाळूत टोचे मारायला लागली. त्यांच्या मागोमाग कुरव. लाट आली की चार पावलं चालत वर, की परत उभे. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडं. मागून वारा शिरला की पिसं उलटी होतात ना, म्हणून.

एक जण बाकीच्यांपेक्षा जवळ येऊन थांबला. काळ्या डोक्याचा, पण हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागं फक्त एक काळा डाग. त्यानं एक लाल पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतला. चोच पाठीवर फिरवून खुपसली. वाऱ्यानं एक पीस उभं राहत होतं, बसत होतं. पापणी खालून वर यायची, डोळा मिटायचा. थोड्या वेळानं उघडायचा, मिटायचा. मी त्याच्यासमोर होतो आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

सूर्य सुरूंच्या शेंड्यांवर आला तसा माझ्या पाठीमागून उजेड थेट त्याच्या अंगावर पडला. मी अकरा फोटो काढले. मग कॅमेरा मांडीवर ठेवला.

भरती लागून ओसरायला लागली तेव्हा एक कुत्रं भुंकत आलं आणि सगळे उठले. डोक्यावरून, अगदी खालून गेले. असा फोटो मी नऊ वर्षं शोधत होतो. कॅमेरा उचलायला वेळ होता. उचलला नाही. असं का, ते अजून नीट सांगता येत नाही.

घरी आल्यावर छोटीला फोनवर एक पाठवला. तिचा लगेच आवाज आला, "झोपलाय?"

"हो."

"पडत नाही का?"

नाही म्हटलं.

आता हा छापून आणायचा. भिंतीवर सहाव्या फ्रेमेला जागा नाही. सोफ्यावरची उतरवावी म्हणतो. दादाला आधी विचारायला हवं, फ्रेमेचे निम्मे पैसे त्यानं दिले होते.