काहीच दिसलं नाही, तर लिहायचं काय?

‘दिवसभर माळ तुडवून काही सापडलंच नाही, तर त्या तक्त्यात भरता तरी काय?’ वनस्पती आणि पक्ष्यांच्या सर्वेक्षणाला जाते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, सगळ्यात जपून भरते ती हीच पानं.

तारीख, वेळ, माणसं किती, कुठून कुठवर चाललो, वारा-पाऊस कसा होता, हे सगळं लिहायचं. शोधूनही पक्षी दिसला नाही आणि कुणी शोधायला गेलंच नाही, हा फरक पुढे फक्त या कागदावरूनच कळतो.

त्यातही तारीख महत्त्वाची. सड्यांवरच्या, म्हणजे सपाट कातळ-पठारांवरच्या, कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती पावसात उगवतात, फुलतात आणि पाऊस सरला की जमिनीखाली नुसता कंद ठेवून नाहीशा होतात. एप्रिलमध्ये गेलात तर तिथे तापलेला कातळ दिसेल. तेव्हा केलेल्या पाहणीत ‘उल्लेखनीय वनस्पती नाही’ असं कुणी लिहिलं, तर ते धड खोटंही नसतं. पण त्याच वाक्याच्या आधारे सरकारी जमीन ‘पडीक’ म्हणून खाणीसाठी मागता येते. मला राग येतो तो या अर्ध्या खरेपणाचा. गवताळ माळावरच्या तणमोर पक्ष्याचं तसंच. पावसाळ्यात नर गवतातून उंच उड्या मारतो, म्हणून निदान तो तरी मोजता येतो. मादी गवतात अशी लपते की बहुतेक ठिकाणी नुसते नरच मोजतात.

आणि खोटी नोंद काय करते ते रानपिंगळ्याला, त्या छोट्या घुबडाला, विचारा. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पत्ता नव्हता. मध्ये रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीसंग्राहक गृहस्थांनी १९१४ साली गुजरातमध्ये तो मिळवल्याचं लेबल आपल्या नमुन्यावर लावून ठेवलं होतं. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, तेव्हा कळलं की नमुना संग्रहालयातून चोरलेला, जुनाच. लेबल तेवढं नवं. त्या लेबलाच्या भरवशावर शोध भलत्याच मुलखात चालला होता. ते बाजूला सारून, जुन्या अस्सल नोंदींचा माग काढत रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नोव्हेंबर १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ पोचले, आणि पक्षी दिसला. तोही सकाळच्या उजेडात, निष्पर्ण झाडावर बसलेला! घुबडाच्या जातीचा असला तरी हा दिवसाही वावरतो.

दुर्मिळ काही सापडलं, तर नेमकी जागा मात्र मी सांगणार नाही. वन विभागाला कळवते, बाकीच्यांना तालुका पुरे. फोटोखाली ठिकाण दिलं की कंद उकरणारे आणि घरट्यापाशी गर्दी करणारे दोघेही पोचतात.

तुम्हाला यायचं असेल तर श्रावणात या. पेन आणू नका, शाई भिजते, पेन्सिल आणा.