जड गाडीला कुठला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स?

कोलोरॅडोत राहणारी, जुन्या गाड्यांची हौस असलेली आपली मंडळी मला फिरून फिरून एकच विचारतात : "सबर्बन (शेव्हरोलेची मोठी एसयूव्ही) घेतली आहे, इंजिन मोठं ४५४ (घन इंचांचं), मागे कॅम्पर (आत राहायची सोय असलेला ट्रेलर) ओढायचाय. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कुठला टाकू?" हॉर्सपॉवरचा आकडा सोबत हमखास येतो. वजनाचा मात्र मलाच मागून घ्यावा लागतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आधी माणसं, सामान, पाण्याच्या टाक्या असं सगळं भरून गाडी आणि ट्रेलर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर चढवा.

हलक्या गाडीत ताकद जास्त झाली तर चाकं जागेवर फिरतात आणि गिअरबॉक्स वाचतो. साडेपाच टनांची जोडी हलवताना ती सोय नसते. सगळा जोर आतल्या शाफ्टवर आणि क्लच प्लेटांवर बसतो. इंजिनाचा टॉर्क ५५० न्यूटन मीटर धरा. गाडी जागची उठताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमार्फत जोडणारा भाग) तो जवळपास दुप्पट करतो, म्हणजे ११००. पहिला गिअर २.४८ चा असेल, तर मागच्या शाफ्टवर २७०० च्या वर.

तरी गिअरबॉक्स बहुतेक वेळा तुटून मरत नाही, भाजून मरतो. कन्व्हर्टर लॉक नसतो, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट जोडलेल्या नसतात, तेव्हा घसरणीत वाया जाणारी ताकद उष्णता होऊन ऑइलमध्ये उतरते. डेन्व्हरहून आय-७० हायवेने आयझेनहॉवर बोगद्याकडे निघालात की सहा-सात टक्क्यांचे चढ लागतात आणि बोगदा आहे ३,४०० मीटरवर. ट्रेलर मागे असताना तिथे लॉकअप सुटला, की ऑइलच्या तापमानाचा काटा ८५ अंश सेल्सिअसवरून ११० कडे सरकताना मी पाहिलाय. गॅरेजमधला ठोकताळा असा, की ८० अंशांच्या पुढे दर ११ अंशांना ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. असा भाजलेला गिअरबॉक्स खोलून बघा : पॅनच्या तळाशी काळा गाळ, ऑइलला करपट वास, स्टीलच्या प्लेटांवर निळे डाग आणि क्लचचं अस्तर नखाने खरवडलं तरी सुटतं.

म्हणून माझं उत्तर ४एल८०ई. हा आणि पुढचे ७००आर४, टर्बो ४०० हे सगळे जनरल मोटर्सचे गिअरबॉक्स. १९८२ साली आलेल्या ७००आर४ चा पहिला गिअर ३.०६ चा, उठायला छान. पण त्याचा तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच एवढ्या वजनासाठी नाही. १९६४ चा टर्बो ४०० इतका दणकट, की रोल्स-रॉइसनेही तोच घेतला. पण त्याला तीनच गिअर. ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिन सावकाश फिरू देणारा वरचा गिअर) नाही, लॉकअप नाही, त्यामुळे हायवेवर इंजिन सतत चढ्या आवाजात. १९९१ च्या ४एल८०ई मध्ये त्याच घराण्याची गुणोत्तरं आहेत, वर ०.७५ चा ओव्हरड्राइव्ह आणि लॉकअप. वजन शंभर किलोच्या वर, प्रोपेलर शाफ्ट कापावा लागतो, वेगळा कंट्रोलर घ्यावा लागतो. कंट्रोलरवर पैसे वाचवू नका. क्लचवर किती दाब द्यायचा हे तोच ठरवतो, आणि दाब कमी पडला की प्लेटा घसरल्याच. डिझेल इंजिन बसवणार असाल, तर २००१ पासून जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स डिझेलसोबत आलेला अ‍ॅलिसन १००० बघा, पण तो मावायला फ्लोअरचा पत्रा कापायची तयारी हवी.

कन्व्हर्टर मात्र रेसिंगवाल्यांच्या सल्ल्याने घेऊ नका. ३००० आरपीएमचा स्टॉल (गाडी जागेवर धरली असता कन्व्हर्टर इंजिनाला जास्तीत जास्त जितकं फिरू देतो तो वेग) त्यांच्या हलक्या गाड्यांना ठीक. ओढणाऱ्या गाडीला १८०० च्या आसपासचा हवा, नाहीतर प्रत्येक सिग्नलला ऑइल तापणार. रेडिएटरपुढे गिअरबॉक्सच्या ऑइलसाठी वेगळा मोठा कूलर लावा आणि तापमानाचा सेन्सर पॅनमध्ये बसवा. चढावर काटा १२० च्या पुढे गेला तर गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक लावा, न्यूट्रलमध्ये टाका आणि इंजिन हजार-बाराशेवर चालू ठेवा. बंद केलंत तर पंप थांबेल आणि ते तापलेलं ऑइल कूलरपर्यंत पोचणारच नाही.