एक घर, तीन चुली, एक रेशन कार्ड

परवा माझे चुलतदीर म्हणाले, "वहिनी, कार्ड फोडून मिळणार काय? धान्य माणशी पाच किलोच येतंय. दहा नावं एका कार्डावर असली काय नि तीन कार्डांवर असली काय, पोतं तेवढंच."

त्यांचा हिशेब बरोबर आहे. अंत्योदयचं कार्ड सोडलं (त्याला कार्डामागे ३५ किलो) तर बाकीच्यांचं धान्य माणसं मोजूनच येतं. पण पुराची मदत माणसं मोजत नाही, कुटुंबं मोजते. आणि कुटुंब कशाला म्हणायचं हे ठरवायला यादी करणाऱ्याच्या हाताशी कागद असतो तो रेशन कार्डाचा. चुलतदिरांचं घर मळ्यात, उंचवट्यावर. त्यांच्या उंबऱ्याला पाणी कधी लागलं नाही, म्हणून त्यांना हे ठाऊक नाही. त्यांना तोंडी सांगत बसले असते तर जेवणं राहिली असती, म्हणून इथं लिहिते.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, त्या अंगाचं. इकडं पावसाळ्यात लोक हवामानाच्या बातम्यांपेक्षा कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी जास्त बघतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ ला ती ५५ च्या वर गेली. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ५६ च्याही वर. २०१९ चा पूर म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा, असं सांगणारे शहाणे तेव्हापासून गप्प आहेत.

२०१९ ला आमच्या घरात चूल एक होती. मामा, म्हणजे माझे सासरे, होते. मदतीचं सगळं त्यांनीच बघितलं. त्या वेळी सरकारनं दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ फुकट द्यायचं काढलं, पण कागदात म्हटलं होतं की क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर. लोक खवळले. शाळेत आसऱ्याला असलेला माणूस घड्याळ लावून घर बघायला जाणार होता काय? पैसे खेड्यात कुटुंबाला १० हजार आणि शहरात १५ हजार. आधी सगळे खात्यावर टाकायचं चाललं होतं, पण बँकाच पाण्यात आणि एटीएम बंद. ओरड झाल्यावर पाच हजार रोख हातात मिळाले, उरलेले खात्यावर. मामांनी ते पाच हजार बनियनच्या खिशात ठेवले आणि घरी आल्यावर आत्तींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हातात दिले. विषय संपला.

पुढच्या वर्षी मामा गेले आणि चुली वेगळ्या झाल्या. भांडण वगैरे काही नाही. थोरल्या जाऊबाईंची पोरं मोठी झाली, माझी लहान, जेवायच्या वेळा जुळेनात. धाकट्या दिराचं लग्न झालं तेव्हा त्यानं मागच्या पडवीत वेगळा संसार थाटला. आत्ती महिना महिना एकेकीकडं जेवायच्या. गॅसची कनेक्शनंसुद्धा दोन झाली. एक गोष्ट मात्र कुणी केली नाही: कार्ड वेगळं काढलं नाही. गरजच वाटली नव्हती. केशरी कार्ड, आत्तींच्या नावावर, कारण अन्न सुरक्षा कायद्यात कुटुंबप्रमुख म्हणून घरातली थोरली बाई धरतात. कार्डावर नावं दहा आणि घरात माणसं अकरा, कारण धाकट्या जावेचं नाव अजून तिच्या माहेरच्या कार्डावर होतं.

आणि २०२१ चं पाणी आलं.

पाणी कसं आलं ते सांगत नाही, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. जनावरं कारखान्याच्या आवारात, आम्ही शाळेत. परत आलो तेव्हा भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती आणि स्वयंपाकघरात गुडघाभर गाळ. गाळाचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, न घेतलेल्याला सांगून कळणार नाही. सगळे म्हणत होते की पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका. म्हणणाऱ्यांच्या घरात गाळ नव्हता. आम्ही दोन्ही केलं: आधी भिंतीवरच्या रेघेसकट सगळ्या खोल्यांचे फोटो काढले, आत्तींना प्रत्येक फोटोत दारात उभं केलं, आणि मग फावडं घेतलं. आत्ती दर फोटोला पदर सारखा करत होत्या.

कार्डाचं काय झालं होतं ते बघण्यासारखं होतं. ते आणि पासबुकं मामांच्या लोखंडी ट्रंकेत होती आणि ट्रंकेत पाणी शिरलेलं. आधार कार्डं प्लास्टिकमध्ये होती, ती धुऊन पुसून जशीच्या तशी. रेशन कार्डाची पानं मात्र एकमेकांना चिकटून पापडाच्या ओल्या लाटीसारखी झालेली. जोर लावला तर फाटणार, तशीच ठेवली तर बुरशी येणार. मी ते ताटात ठेवलं आणि उलथन्याच्या धारेनं कडेकडेनं एकेक पान सोडवलं. दुकानदाराचे शिक्के पसरून निळा डाग झाला होता, नावं अर्धीमुर्धी दिसत होती. पण आतल्या पानावर बारा अंकी नंबर लिहिलेला होता, त्यातले पहिले आठ वाचता येत होते. उरलेले चार रेशन दुकानदाराच्या वहीत मिळाले. त्यावरून सांगते, कार्ड भिजलं म्हणून रडत बसू नका. तो नंबर पाठ असला किंवा फोनमध्ये फोटो असला तर काम होतं, नाव कंप्युटरवर असतंच. माझ्या फोनमध्ये आता सगळ्या गल्लीच्या कार्डांचे फोटो आहेत. काही बायका तर मला पुरवठा खात्यातलीच समजतात.

या वेळी धान्यात दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ, पाच किलो तूरडाळ आणि पाच लिटर रॉकेल, असं कुटुंबाला जाहीर झालं होतं. पैसे कपड्यांचे पाच हजार आणि भांड्यांचे पाच हजार.

रॉकेलचं वाचून थोरल्या जाऊबाई हसल्या. गॅसची उज्ज्वला योजना आल्यापासून गल्लीत स्टोव्ह उरलाय कुणाकडं? एका घरात निघाला, त्याची पिन गंजलेली. गव्हाचंही तसंच. गहू हातात घेऊन करायचं काय? गावातली गिरणी छपरापर्यंत बुडालेली, मोटर जयसिंगपूरला रिवायंडिंगला गेलेली, आणि तिथं मोटरींची रांग आमच्या रांगेपेक्षा मोठी. गहू नको असेल तर त्याऐवजी तांदूळ घ्या, अशी सोय त्याच निर्णयात होती, आणि ज्या कुणाला हे सुचलं त्यानं कधीतरी पूर बघितलेला असणार. पण ही सोय दुकानाच्या बोर्डावर लिहिलेली नव्हती. ज्यांनी विचारलं त्यांना तांदूळ मिळाला, ज्यांनी नाही विचारलं ते गव्हाचं पोतं घेऊन घरी गेले.

तर यादी. तलाठी मॅडम, ग्रामसेवक आणि शाळेचे एक गुरुजी असे दारोदार फिरत होते. मॅडमच्या पायात गमबूट, हातात वही, आवाज बसलेला. त्यांच्याकडं अनेक गावं होती, आणि त्यांच्या स्वतःच्या खोलीतही पाणी शिरलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी घर बघितलं, फोटो काढला, आणि म्हणाल्या, "कार्ड?"

आत्तींनी ते ताटासकट पुढं केलं.

"एकच?"

"कार्ड एकच हाय, पर चुली तीन हायत की वो. या, बघा आत येऊन."

"आजी, चुली बुडाल्यात तुमच्या, त्या काय बघू? मला कार्डावर नाव लिहायचंय. एक घर, एक कार्ड, एक कुटुंब."

आत्ती गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. "मग मतदानाला घरातली सगळी का न्हेता मोजून?" मॅडम हसल्या, पण वहीत ओळ एकच लिहिली. मी गॅसची दोन पुस्तकं दाखवली, तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात 'विभक्त राहतात' एवढं लिहिलं. त्या शेऱ्याचं पुढं काही झालं नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तोंडी सांगण्यावर चुली धरायला लागल्या असत्या तर गावात रात्रीतून चुली वाढल्या असत्या, हे मलाही कळतं. आमच्या शेजारी बाप आणि लेक एकाच घरात, एकाच ताटात जेवतात, पण कार्डं दोन. त्यांना दोन कुटुंबांचं सगळं मिळालं. त्यांनी लबाडी केलेली नाही, लेकाच्या लग्नानंतर वेळेवर कागद केला एवढंच.

पलीकडच्या सरांचं आणखी वेगळं. पांढरं कार्ड, पगार चालू, रांगेत उभं राहायची लाज. सरांच्या बाईंनी घरात पाऊल टाकलं तर तांदळाच्या डब्यात गाळ. शेवटी मीच त्यांच्या पोराला हाताला धरून रांगेत माझ्या पुढं उभं केलं. पगार महिन्याच्या शेवटी येतो, भूक दुपारी लागते.

रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन बंद होतं, लाईट नाही, रेंज नाही. वहीवर सह्या घेऊन वाटप झालं. आमच्या वाट्याला तांदूळ वीस किलो, डाळ पाच किलो, अकरा माणसांत. आत्तींनी अंगणात ताडपत्री टाकली आणि मापट्यानं वाटायला बसल्या. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, तीन चुली आहेत तर तीन समान वाटे करा. मी म्हणाले, थोरलीकडं चार माणसं, माझ्याकडं चार, धाकटीकडं दोन, मग समान कसे? धाकटी काहीच बोलली नाही, तिचं नावच कार्डावर नव्हतं. आत्तींनी कुणाचं ऐकलं नाही, माणशी मापटं घातलं आणि स्वतःचा वाटा धाकटीच्या पातेल्यात ओतला. सरकारनं कुटुंबावर दिलं आणि आत्तींनी माणसांवर वाटलं. मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

त्या दिवसांत बाहेरून मदतही पुष्कळ आली. पुण्या-मुंबईहून टेम्पो, साताऱ्याकडून चपात्या, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं. हायवेला लागून असलेल्या गावांत बिस्किटांचे खोके पडून आणि आत नदीकाठच्या वस्त्यांवर काही नाही, असंही बघितलं. जुन्या साड्यांचे ढीग तर विचारू नका. त्या देणाऱ्यांच्या मनात चांगलंच असेल, पण गाळ काढणाऱ्या बाईला जरीकाठाची पिवळी साडी कुठं नेसायची असते?

पैशांची गंमत वेगळीच. या वेळी ते सरळ खात्यावर येणार होते. आत्तींचं खातं ज्या बँकेत होतं ती दुसऱ्या बँकेत विलीन झालेली आणि जुने आयएफएससी कोड १ जुलैपासून बंद झालेले. पूर त्याच महिन्यात. आमच्या पासबुकावर, जे वाळवून मी कडक केलं होतं, कोड जुनाच. यादीबरोबर तोच गेला आणि पैसे परत आले. बँकेत जाऊन नवा कोड लिहून आणला, तलाठी कार्यालयात अर्ज दिला, तेव्हा ते जमा झाले. गावात असे बरेच होते आणि त्यातल्या निम्म्यांना वाटत होतं की कुणीतरी मधल्यामधे खाल्ले. पैसे परत गेलेले असतात, खाल्लेले नसतात. यादीपुढं काय शेरा आहे एवढं विचारायचं. आणखी एक: मदतीच्या रकमेतून कर्ज वळतं करू नये अशी सूचना या शासन निर्णयांत बँकांना असते. कापले तर तोंडी भांडू नका, लेखी द्या आणि पोच घ्या.

त्या दहा हजारांत तीन शेगड्या दुरुस्त झाल्या, तीन कुकर आले, आणि कपड्यांचे म्हणून जे होते त्यात पोरांच्या वह्या-दप्तरं बसवली.

त्यानंतर मी कार्डाच्या मागे लागले. तेव्हा तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेत जायचं, जुन्या कार्डातून नावं कमी करून घ्यायची, त्याचा दाखला घ्यायचा, मग नव्या कार्डाचा अर्ज. सोबत सगळ्यांची आधार कार्डं, गॅसचं पुस्तक, घरपट्टीची पावती आणि वेगळे राहत असल्याचं हमीपत्र. धाकट्या जावेचं नाव आधी माहेरच्या कार्डातून कमी करावं लागलं, त्यातच जास्त वेळ गेला, कारण तिच्या वडिलांना वाटलं की लेकीचं नाव काढलं म्हणजे नातंच तोडलं. त्यांना समजावायला आत्ती स्वतः गेल्या. हे सगळं मे महिन्याच्या आत करायचं असतं, कारण पाणी आल्यावर कचेरीतल्या कुणालाच वेळ नसतो आणि तेव्हा वेगळं काढलेलं कार्ड संशयानं बघतात. बघावंच.

आता आमची तीन कार्डं आहेत. आत्ती धाकटीच्या कार्डावर गेल्या, ते त्यांनी मापटं हातात असतानाच ठरवलेलं असावं.

घराचा उतारा मात्र अजून मामांच्या नावावर आहे. धान्य कार्डावर मिळतं, पण भिंत पडली तर तिचे पैसे ज्याच्या नावावर घर त्याला. वारसनोंदीला आत्तींच्या, तिन्ही भावांच्या आणि नणंदेच्या सह्या लागतात. नणंदबाई पुण्याला असतात, गणपतीला येतील तेव्हा सह्या घेऊ. चुलतदीर, तुमच्याही उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, तेवढं बघा.