जुन्या जीपचा गिअरबॉक्स ट्रान्सफर केससकट उतरवला, त्याचा अनुभव

पसरणी घाट उतरताना सेकंड गिअर सुटायला लागला, तेव्हाच ठरलं की गिअरबॉक्स खाली घ्यायचा. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की लिव्हर आपसूक न्यूट्रलला यायचा. उतारावर हे फार धोक्याचं. त्यातच चढावर क्लच घसरू लागला आणि बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं घर) खालून तेल ठिबकायला लागलं.

गाडी म्हणजे सीजे-३बी, उंच बॉनेटची पेट्रोल जीप. विलीजने हे मॉडेल १९५३ साली आणलं. हरिकेन इंजिन उंचीला जास्त, म्हणून बॉनेटही उंच. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली होती, आणि तिकडे अमेरिकेत हे मॉडेल बंद झाल्यावरही आपल्याकडे ते बरीच वर्षं बनत राहिलं. म्हणून सुटे भाग अजून मिळतात. तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स आणि त्याच्या पाठीला थेट चिकटलेली डाना १८ ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटून देणारी पेटी), अशी आतली जोडी. मधे वेगळा शाफ्ट नाही. गिअरबॉक्सचा मेनशाफ्टच मागच्या केसमध्ये शिरतो आणि त्याच्या टोकावर ट्रान्सफर केसचा पहिला गिअर बसतो. ही रचना नीट समजली की काय आधी आणि काय नंतर, हे वेगळं विचारावं लागत नाही.

दोन्ही आधी गाडीखालीच वेगळे करावेत, म्हणजे वजन कमी होतं, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. मेनशाफ्टच्या टोकाचा नट पाठीवर झोपून सोडवण्यापेक्षा टेबलावर सोडवणं कधीही बरं. ओळखीच्या मिस्त्रींचंही तेच मत होतं, आणि कामाला तेच सोबत होते.

चॅसिस लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) घेतली, ती नेहमीपेक्षा उंच. नाहीतर सगळं उतरवून झाल्यावर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचा तो एकत्र गोळा गाडीखालून बाहेरच निघत नाही. तेल काढताना दोन्हींचे प्लग वेगवेगळे उघडले. ट्रान्सफर केसमधलं तेल चहाच्या रंगाचं आणि फेसाळ निघालं, म्हणजे ओढ्याचं पाणी आत गेलेलं. मग सीटपुढची फ्लोअर प्लेट काढली. तिचे गंजलेले स्क्रू आदल्या रात्री डिझेलमध्ये भिजवून ठेवले होते, तरी निम्मे छिन्नीनेच तोडावे लागले. प्लेट निघाली की वरून सगळं उघडं दिसतं. गिअर न्यूट्रलला ठेवून लिव्हरसकट वरचं झाकण उचललं. टी-९० मध्ये फोर्क (गिअर सरकवणारे चिमटे) आणि रेल (ते ज्यावर सरकतात त्या दांड्या) त्या झाकणातच असतात. त्यातल्या स्प्रिंगा आणि गोळ्या तपासल्या तेव्हा सेकंड सुटण्याचं निम्मं कारण तिथेच सापडलं: रेलवरच्या खाचा झिजून गोल झाल्या होत्या. ट्रान्सफर केसचे दोन्ही लिव्हरही पिन काढून बाजूला केले.

खालचं काम सरळ आहे. पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडवण्याआधी योकवर (शाफ्ट जिथे जोडला जातो तो दुबेळका) आणि शाफ्टवर पंचने खुणा केल्या. युनिव्हर्सल जॉइंटच्या क्रॉसच्या टोप्या टेपने बांधून टाकल्या, नाहीतर आतल्या बेअरिंगच्या बारीक सुया मातीत जातात. स्पीडोमीटरची केबल, ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर येणारी हँडब्रेकची केबल आणि क्लचची जोडणी, हे सगळं ओळीने सोडवलं.

इथून पुढे मात्र घाई चालत नाही. या जीपच्या इंजिनाला पुढे दोन माउंटिंग असतात आणि मागचा भार गिअरबॉक्सखालच्या क्रॉसमेंबरवर (चॅसिसच्या आडव्या पट्टीवर) असतो. क्रॉसमेंबर काढला की इंजिन मागे झुकणार. मिस्त्री म्हणाले, "आधी इंजिनाला टेकू दे, मग क्रॉसमेंबरला पाना लाव." इंजिनाच्या चेंबरखाली (खालच्या तेलाच्या भांड्याखाली) जाड फळी ठेवून एक जॅक दिला आणि गिअरबॉक्सखाली ट्रॉली जॅक सरकवला. ट्रान्सफर केसचं वजन उजवीकडे लोंबतं, त्यामुळे गोळा जॅकवर सरळ बसत नाही, कलंडतो. आम्ही जॅकच्या बशीवर फळी बसवली, उजवीकडे लाकडाची पाचर मारली आणि सगळं साखळीने आवळलं. साखळी बांधायचा कंटाळा कुणी करू नये. खाली माणूस असतो.

बेल हाउसिंगचे चार बोल्ट. खालचे दोन आधी काढले. वरचे दोन एकेक करून काढले आणि त्यांच्या जागी डोकी कापलेले लांब बोल्ट फिरवून बसवले. त्या दोन दांड्यांवरून गिअरबॉक्स सरळ मागे सरकतो, त्याचा भार क्लच प्लेटच्या हबवर येत नाही. हीच युक्ती परत बसवताना दुप्पट उपयोगी पडली. इंजिन थोडं खाली घेतलं, पहारीने हलकासा धक्का दिला, आणि क्लच शाफ्ट सुटला. मग ट्रॉली जॅक जपून खाली.

टेबलावर घेतल्यावर ट्रान्सफर केसच्या मागचं गोल झाकण काढलं. मेनशाफ्टच्या नटाची स्प्लिट पिन काढली. वरचं झाकण नव्हतंच, त्यामुळे स्क्रूड्रायव्हरने दोन गिअर एकदम गुंतवले. शाफ्ट जाम झाला आणि नट सुटला. पुढची पायरी जुन्या माहितगारांकडून शिकण्यासारखी आहे. केस मागे ओढण्याआधी मेनशाफ्टवर सेकंड गिअरच्या मागे तारेचा फास टाकायचा आणि तारेची टोकं पुढच्या कव्हरच्या बोल्टांना पिळून बांधायची. तार नसेल तर केसबरोबर मेनशाफ्टही मागे येतो आणि सिंक्रोनायझर (गिअर न खरखरता पडावा म्हणून वेग जुळवणारा भाग) आतल्या आत विस्कटतो. आमची केस तारेमुळे एकटीच, सुळकन निघाली.

आत इंटरमीडिएट शाफ्टवर सुयांनी खळगे पाडलेले होते आणि थ्रस्ट वॉशर कागदासारखे पातळ झाले होते. लो रेंजमध्ये (ट्रान्सफर केसच्या जास्त ओढीच्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये) येणारा आवाज त्याचाच. शाफ्ट, सुया, वॉशर, सगळे ऑइल सील, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकच्या टोकातला पितळी बुश नवा घातला. झाकणातल्या रेल आणि स्प्रिंगाही बदलल्या. एवढं उघडल्यावर सील वाचवण्यात अर्थ नाही. क्लच प्लेट मधोमध धरायला जुना क्लच शाफ्ट वापरला. तेल जीएल-४ दर्जाचं ९० नंबरचं भरलं, कारण काही जीएल-५ तेलं सिंक्रोच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत.

चढवताना क्रम उलटा, आणि त्या दोन दांड्यांवरून गोळा एका दमात आत गेला. योकचे यू-बोल्ट पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा आवळले. एक तेवढ्यातच पाव फेरा ढिला झाला होता.