कानातले नव्हे, गोगलगाय

मेघालयातल्या मावसमाई गुहेत एका ओल्या भिंतीशी उकिडवी बसून, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून मी चुनखडीचा वीतभर भाग न्याहाळत होते, तेव्हा मागून अस्सल मराठवाडी आवाज आला, "काय पडलं गं बाई, कानातलं का?"

आठ दिवसांच्या त्या सहलीतले काझीरंगा आणि शिलाँग यांविषयी लोकांनी आधीच भरपूर लिहून ठेवले आहे. मलाही गेंडा दिसला, त्याचा पाठमोरा फोटो आला, आणि तो विषय तिथेच संपला. मला लिहायचे आहे ते या गुहेतल्या जेमतेम वीस मिनिटांविषयी.

मी वाढले चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट वसाहतीत. तिथे चुनखडी म्हणजे डंपरमधून जाणारा करडा दगड आणि सकाळी तुळशीच्या पानांवर बसलेली पांढरट पूड, एवढीच ओळख. त्या दगडावर कुणाचा जीव पोसला जात असेल, ही कल्पनाही तेव्हा शिवली नव्हती. त्यामुळे मावसमाई गुहेतून गोगलगायीची एक नवी प्रजाती नोंदवली गेल्याची बातमी वाचली, तेव्हा मला ती जवळजवळ व्यक्तिशः सुनावल्यासारखी वाटली. बंगळूरूच्या 'अत्री' संस्थेतले निपू कुमार दास आणि एन. ए. अरविंद या संशोधकांनी २०२१ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि गुहेवरूनच तिला 'जिओरिसा मावसमायेन्सिस' असे नाव दिले. पूर्ण वाढलेल्या गोगलगायीचा शंख दोन मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, म्हणजे मोहरीच्या दाण्याशी बरोबरी करतानाही त्याला टाचा उंचावाव्या लागतील.

या भागातून याच गटातली आधीची प्रजाती, जिओरिसा सारिटा, विल्यम हेन्री बेन्सन यांनी १८५१ मध्ये नोंदवली होती. बेन्सन पेशाने कंपनी सरकारचे मुलकी अधिकारी होते आणि शंख गोळा करणे हा त्यांचा छंद होता. दोन नोंदींमध्ये १७० वर्षे गेली. या काळात इंग्रज गेले, चेरापुंजीची पुन्हा सोहरा झाली, गुहेत विजेचे दिवे लागले, तिकीटखिडकी आली, आणि त्या दिव्यांखालून माझ्यासारखे हजारो पर्यटक रेनकोट खसखसत निघून गेले. मला या गोष्टीचे सर्वाधिक अप्रूप वाटते ते एवढ्यासाठी की ही गोगलगाय कुठल्या अगम्य विवरात नव्हे, तर सहलवाल्यांच्या यादीत हटकून असलेल्या गुहेत सापडली.

बरे, सापडली म्हणजे लगेच नवी ठरली, असेही नसते. शंखाची उंची आणि रुंदी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, वेटोळी मोजायची, तोंडाचा आकार पाहायचा, मग जुन्या संग्रहांतले नमुने आणि जुनी वर्णने काढून एकेक गोष्ट ताडून पाहायची, असे ते किचकट काम असते. सारिटाच्या शेवटच्या, सर्वांत मोठ्या वेटोळ्यावर सात सर्पिल कंगोरे असतात, तर मावसमाईच्या गोगलगायीवर ठळक असे चारच. दोन मिलिमीटरच्या शंखावरचे कंगोरे मोजण्याची चिकाटी माझ्यात नाही, हे मी आधीच कबूल करते. मला तर स्वेटरचे टाकेही दोनदा मोजले की दोन निरनिराळे आकडे मिळतात.

गुहेचा पर्यटकांसाठी खुला असलेला भाग सुमारे दीडशे मीटरच आहे, पण त्यात काही ठिकाणी अंग चोरून, तर काही ठिकाणी गुडघ्यात वाकून जावे लागते. वरून सतत थेंब पडत असतात. छताचे लवणस्तंभ हाताळून हाताळून गुळगुळीत आणि काळपट झाले आहेत, आणि दिव्यांच्या आसपास, जिथे एरवी अंधारात काही उगवायला नको, तिथे शेवाळाचे हिरवे चट्टे धरले आहेत. एका निमुळत्या फटीपाशी फोटोसाठी रांग लागली होती आणि रांगेतला प्रत्येक जण ओरडून आपला प्रतिध्वनी तपासत होता. मला गर्दीचा मनस्वी राग येतो; मात्र त्या गर्दीत मीही तिकीट काढूनच उभी होते.

तर मागच्या काकू. गुलाबी रेनकोट, त्याखाली नऊवारी, हातात मोबाइलचा लावलेला दिवा. लातूरहून आलेल्या सहलीत त्या होत्या.

"नाही हो काकू, गोगलगाय शोधतेय," मी म्हटले.

"गोगलगाय? अगं, ती बघायला एवढं लांब यायचं? आमच्या रानात ये की. सोयाबीन उगवून दोन पानं वर आली की रातोरात फस्त. त्या साली पोत्यानं वेचल्या, मिठाच्या पाण्यात टाकल्या, तरी दुबार पेरणी चुकली नाही."

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे पीक कसे खाल्ले, ते मी वाचले होते. पण ज्यांनी ती पोती भरली, अशा व्यक्तीला गोगलगाय दुर्मीळ असते, म्हणून जपून पाहावी, हे समजावणे माझ्याने होईना. मी चाचरत सांगितले, की ही वेगळी, पीक खाणारी नव्हे. हिला शंखासाठी चुना लागतो आणि तो इथल्या दगडात मिळतो. हिचा पल्ला इतका लहान, की चुनखडीची एकेक टेकडी तिला बेटासारखी होते आणि म्हणून टेकडीगणिक निराळी जात घडू शकते. तोंडाला झाकण असलेली ही गोगलगाय शेतातल्या गोगलगायीपेक्षा कोकणातल्या खडकांना चिकटलेल्या समुद्री शंखांच्या अधिक जवळची आहे, आणि हा चुनखडीचा दगडही कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशीच साचलेला आहे. हे सांगताना मला फार मजा आली, पण काकूंना त्यातले एकच पटले.

"म्हणजे टेकडी फोडली की ती संपली."

मी मान हलवली. मलेशियात पेराक राज्यात चुनखडीची एक टेकडी सिमेंटसाठी फोडली जात होती आणि तिथे सापडलेल्या चिमुकल्या गोगलगायीला संशोधकांनी २०१४ मध्ये 'शॅरोपा लाफार्जाय' असे त्याच सिमेंट कंपनीचे नाव दिले, हे मला आठवले, पण माझे वडील कोणत्या कारखान्यात होते तेही लगोलग आठवले आणि मी तो विषय काढला नाही.

काकू माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या. त्यांनी मोबाइल भिंतीला जवळजवळ समांतर धरला. तिरपा उजेड पडताच आत्तापर्यंत सपाट दिसणाऱ्या दगडावर खळगे, कंगोरे, ओलीच्या रेघा असे सगळे उठून दिसू लागले. ज्वारी निवडणाऱ्या नजरेने त्यांनी दोन-तीनदा वरून खाली पाहिले आणि करंगळी रोखली.

"हे बघ. खडा नाही हा. हाललं."

मी भिंग लावले. एका खळग्याच्या काठावर तांबूस, टोकदार असा एक कण होता. हातातला कंप थांबवायला मी श्वास धरला. कण हलला असे वाटले; कदाचित भिंगच हलले असेल. त्याच्या कडेला पाण्याची एक चकाकती रेघ होती, पण तशा रेघा सगळीकडेच होत्या. कंगोरे चार की सात हा प्रश्न फार पुढचा, मला तो शंखच आहे हेही छातीठोकपणे सांगता येईना.

"चला, चला, पुढं सरका," मागून कुणीतरी ओरडले आणि रांगेचा एक लोंढा आमच्यावर आला. तोल सावरायला मी भिंतीला हात टेकला. उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत भिंतीवरून घासत गेली. पुन्हा दिवा धरला, तेव्हा त्या जागी चिखलाचा पुसट फराटा होता आणि तो खळगा कोणता हेही ओळखू येत नव्हते.

"अगं, तुझ्या बाहीला लागून गेली असंल," काकू हळहळल्या. पोत्याने गोगलगायी मारलेल्या त्या बाई एका कणासाठी माझ्या बाहीवर दिवा फिरवत उभ्या राहिल्या, तोवर त्यांचा सहलप्रमुख हाका मारू लागला आणि त्या गेल्या. त्यांचे नाव विचारायचे राहिले.

त्या रात्री सोहऱ्याच्या मुक्कामी मी खालच्या चहावाल्या काँगकडून (खासी भाषेत काँग म्हणजे ताई) एक पांढरी बशी मागून आणली, बाहीवरचा वाळू लागलेला चिखल ओल्या बोटाने तिच्यात उतरवला आणि दिव्याखाली भिंग घेऊन बसले. वाळू, शेवाळाचे दोन तंतू, रेनकोटचा गुलाबी टवका आणि एक तांबूस कण, जो मी अर्धा तास पाहत राहिले तरी हलला नाही. झोपण्यापूर्वी त्यावर दोन थेंब पाणी घातले. सकाळीही तो होता तिथेच होता. गाडी यायच्या आत मी ती बशी मागच्या अंगणातल्या ओल्या दगडी गडग्याच्या फटीत अलगद उपडी केली, दोनदा धुतली आणि काँगला परत दिली.