तुम्ही विचारलंत म्हणून: इतक्या कॉप्या कशाला?

"घरचेच फोटो-व्हिडिओ ना? मग इतक्या कॉप्या कशाला?" हा प्रश्न पाहुण्यांनी विचारून झालाय, भावाने विचारून झालाय. नवी डिस्क घरात आली की नवरा तोच प्रश्न नुसत्या नजरेने विचारतो. दर वेळी हसून विषय बदलायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच काय ते सांगते.

दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारा घरातला डबा मी बॅकअपमध्ये धरत नाही. एक डिस्क मेली तर तो तारून नेतो, मान्य. पण फोल्डर चुकून उडवला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी उडतो. फोनच्या सिंकचंही तेच: जागा भरली म्हणून कुणी इकडचे फोटो पुसले की तिकडचेही जातात. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम साधा आहे. मूळ धरून तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. मलाही पूर्वी ही कंपन्यांची चैन वाटायची.

मग मोठी डिस्क घेतली. सगळं तिच्यावर उतरवलं, तिच्यावरून दुसरी कॉपी केली, फाइलींची संख्या आणि आकार जुळवले आणि जुनी डिस्क पुसून भाच्याला देऊन टाकली. आकार जुळल्यावर आणखी काय तपासायचं असतं? तुम्हीही हेच केलं असतंत.

मावशी गेली तेव्हा फ्रेमसाठी फोटो शोधायला बसले. मला हवा होता तो तिच्या वाढदिवसाचा. आई आणि ती एकाच खुर्चीत दाटीवाटीने बसून हसतायत, असा. उघडला. मागची भिंत ठीक, फुगे ठीक, दोघींचे केस ठीक. कपाळाच्या खाली मात्र सगळं जांभळं, आणि चेहऱ्यांचे तुकडे उजवीकडे सरकलेले. दुसऱ्या कॉपीत पाहिलं, तर तिथेही त्याच ओळीवर तुटलेला. आकार बाइटला बाइट बरोबर.

दोष कॉम्प्युटरच्या रॅमचा, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीचा निघाला. रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवला तर सकाळी स्क्रीनभर चुका. कॉपी होताना प्रत्येक फाइल याच रॅममधून जाते, आणि वाटेत एखादा बिट उलटला (शून्याचा एक किंवा एकाचा शून्य झाला) तर साध्या कॉम्प्युटरमध्ये कुणी हाकाटी करत नाही. जेपेगमध्ये, म्हणजे फोटोंच्या नेहमीच्या फाइलीत, तर एक बिट बदलला तरी तिथून पुढचं वाचन घसरू शकतं. आणखीही फाइली तशाच निघाल्या, पण त्यांचं एवढं वाटलं नाही.

जेपेगच्या सुरुवातीलाच, एक्झिफ नावाच्या, फोटोसोबतच साठवलेल्या माहितीत, कॅमेरा सहसा एक छोटं चित्र ठेवतो, बहुधा १६० बाय १२० पिक्सेलचं. ते शाबूत होतं. त्यात दोघी पूर्ण होत्या. आई म्हणाली, "मोठं कर." मोठं केलं की नुसते चौकोन दिसायला लागतात. "अजून थोडं कर ना." केलं. शेवटी फ्रेमला दुसराच फोटो लागला, ज्यात मावशी कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाहीये.

तेव्हापासून प्रत्येक फाइलचा चेकसम (आतलं काहीही बदललं की बदलणारा आकडा) काढून यादी ठेवते आणि अधूनमधून सगळ्या कॉप्या तिच्याशी ताडून बघते. एक कॉपी भावाकडे असते. (हो, विचारणाऱ्या त्याच भावाकडे.) फोल्डरला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे ते आपोआप तारखेने लागतात. मेसेजमधून आलेल्या फोटोंवर बहुतेकदा काढल्याची तारीखच नसते, ते अंदाजाने लावते. तिथे मात्र घरात भांडणं होतात.

पूर्वीची मी म्हणाली असती, एका रॅमच्या पट्टीपायी जन्मभर पहारा देणार का? बहुतेक व्हिडिओ कुणी परत बघत नाही, हे तिचं म्हणणं खरंच आहे. अर्धे पुसावेत असं मलाही वाटतं. निवडायला बसते आणि एकही न पुसता उठते.

भावाकडची डिस्क एनक्रिप्ट केलेली आहे, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येत नाही, आणि पासवर्ड एकट्या माझ्या डोक्यात होता. कागदावर लिहून ठेव, असं नवरा म्हणायचा. लिहिलाय. तो डिस्कजवळ ठेवला तर एनक्रिप्शनला अर्थ नाही, आणि घरात ठेवला तर घरासोबत जाईल. सध्या पर्समध्ये आहे, आणि ते आम्हा दोघांनाही पटलेलं नाही.