छर्रे आणि सोनाराचा काटा

आज पावसाने दुपारपर्यंत फोंड्यातून हलूच दिलं नाही. लाईट दोनदा गेली. शेवटी नेमबाजीच्या रेंजचा नाद सोडून मावसभावाच्या सोन्याच्या दुकानात बसलो आणि त्याच्या काट्यावर एअर पिस्तुलाचे छर्रे जोखायला घेतले, सारख्या वजनाचे निवडायला. डब्यात 500 नग, डब्यावर लिहिलंय 0.49 ग्रॅम. काटा म्हणतो 0.488, 0.491, मध्येच एखादा 0.479. तो नखावर फिरवून बघितला तर मागची कड चेपलेली. बाजूला.

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका आजींनी विचारलं, "बाळा, कसले रे हे मणी?" भाऊ मान वर न करता म्हणाला, "गरिबाचं सोनं, मावशी."

हसा खुशाल. अमेरिकेत पिस्तुलाने 200 मीटरवरचा लोखंडी मेंढा (मेंढ्याच्या आकाराचं निशाण) पाडणारे काडतुसं घरी भरतात, दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. 1 ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम! आमच्या पॉइंट टू टू बोअरच्या काडतुसाला ती चैन नाही. ते रिमफायर, त्याचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेतच असतो, एकदा उडालं की ते काडतूस भंगारात. मग वेगवेगळे लॉट झाडून बघायचे, जो जमेल तो साठवायचा. माझं आपलं 10 मीटरचं दुकान. निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढं.

चारला उघडलं, पळालो. निवडलेले दहा मारले : 92 गुण. मग गंमत म्हणून बाजूला काढलेले दहा : 93.

भावाला अजून सांगितलेलं नाही.